न प्यायल्याचे बक्षीस

अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी २००० साली दारूच्या व्यसनावर बाह्यरुग्ण उपचार घेणाऱ्या ४२ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. त्यातल्या काहींसाठी एक गोष्ट जास्तीची होती. केंद्रात आले की नळीत फुंकायचे आणि श्वासात दारू सापडली नाही, तर भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. काही चिठ्ठ्यांवर काहीच बक्षीस नसे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर डॉलरभर किमतीची वस्तू, थोड्यांवर वीस डॉलरपर्यंतची, आणि सगळ्या भांड्यात मिळून एकाच चिठ्ठीवर शंभर डॉलरचे मोठे बक्षीस. न पिता दिवस जात राहिले की काढायच्या चिठ्ठ्या वाढत. आठ आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांवरचे २२ टक्केच टिकले होते. चिठ्ठ्या काढणाऱ्यांतले ८४ टक्के. उपचार संपेपर्यंत दारूपासून दूर राहिलेले पहिल्या गटात ३९ टक्के होते, दुसऱ्यात ६९.

व्यसनमुक्तीच्या कामात ज्यांनी थोडे दिवस जरी काढले आहेत, त्यांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. पेशंट चार वेळा येतो, मग यायचा थांबतो, फोन उचलत नाही, आणि महिन्याभराने बायको किंवा आई येऊन सांगते की पुन्हा सुरू झाली. उपचार चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा. आधी माणूस समोर यायला तर हवा. पेट्रींच्या भांड्याने तो आणून बसवला. तरीही पुढच्या पंचवीस वर्षांत दारूसाठी ही पद्धत रोजच्या उपचारांत फार थोड्या ठिकाणी आली. माझ्या मते ती अडली ती बक्षिसाच्या नैतिकतेपायी नव्हे, तपासणीपायी. मोबाइलने ती अडचण बरीचशी सोडवली आहे. आता घोडे अडले आहे ते पैसे कोण देणार आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण बसणार, यावर.

या पद्धतीचे शास्त्रीय नाव ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’. तिच्या मुळाशी वर्तनशास्त्रातले जुनेच तत्त्व आहे: ज्या वागण्याचे फळ लगेच आणि नक्की मिळते ते वागणे वाढते. व्यसनात नेमके हेच दारूच्या बाजूने काम करत असते. घोट घेतल्याचे सुख काही मिनिटांत मिळते. न घेतल्याचे फळ, म्हणजे सुधारलेले यकृत, वाचलेली नोकरी, मुलांचा परतलेला विश्वास, हे महिन्या-वर्षांनी आणि तेही मिळेलच असे नाही. बक्षीस या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजच्या आज काहीतरी ठेवते. रकमेइतकेच ती कशी दिली जाते यालाही महत्त्व आहे. निकालानंतर लगेच द्यायची, दर वेळी द्यायची, सलग यशाबरोबर वाढवत न्यायची, आणि प्यायल्याचे दिसले की पुन्हा पहिल्या पायरीवर आणायची. या चारांपैकी एक जरी सुटले तरी परिणाम पातळ होतो.

हे सगळे दारूपासूनच सुरू झाले होते, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. १९७३ साली जॉर्ज हंट आणि नेथन अझ्रिन यांनी इलिनॉयमधल्या अ‍ॅना इथल्या सरकारी मनोरुग्णालयातल्या १६ मद्यासक्त पुरुषांवर काम केले. नोकरी, घर, मित्रमंडळी, करमणूक ही आयुष्यातली सगळी बक्षिसे न पिण्याशी बांधायची, अशी त्यांची कल्पना. दोन वर्षांनी पीटर मिलर यांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात, दारू पिऊन रस्त्यावर पडल्याबद्दल वारंवार अटक होणाऱ्या माणसांसाठी संस्थांशी ठरवून घेतले, की कपडे, जेवण, निवारा आणि काम हे सगळे न प्यायलेल्यालाच मिळेल. अटका घटल्या. मग नव्वदच्या दशकात व्हरमाँट विद्यापीठाच्या स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनसाठी पद्धत पक्की केली: लघवी स्वच्छ आली की व्हाउचर, पहिले अडीच डॉलरचे, पुढचे चढत्या किमतीचे. त्यानंतर अभ्यासांची रांग लागली ती कोकेन, अफूजन्य पदार्थ आणि तंबाखूसाठी. दारू मागे पडली.

मागे पडायचे कारण शरीरात आहे. कोकेनच्या खुणा लघवीत दोन-तीन दिवस राहतात, त्यामुळे आठवड्यातून तीनदा नमुना घेतला की जवळजवळ सगळा आठवडा नजरेखाली येतो. दारूचे तसे नाही. यकृत साधारणपणे तासाला एका पेगाच्या हिशेबाने ती निकालात काढते. शनिवारी रात्री यथेच्छ प्यायलेला माणूस सोमवारी सकाळी फुंकतो आणि यंत्र शून्य दाखवते. म्हणजे बक्षीस मिळते ते न पिण्याचे नाही, वेळ सांभाळून पिण्याचे. यावर पहिला उतारा प्रयोगशाळेतून आला. दारू पचताना तयार होणारे एथिल ग्लुकुरोनाइड, म्हणजे ईटीजी, लघवीत काही दिवस सापडते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकेल मॅकडोनेल यांच्या गटाने गंभीर मानसिक आजार आणि दारूचे व्यसन अशा दुहेरी ओझ्याखालच्या ७९ रुग्णांवर २०१७ साली हे वापरून दाखवले. बक्षिसाच्या गटात नमुना स्वच्छ येण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. याच गटाने पुढे अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या आरोग्यसंस्थांबरोबर १५८ प्रौढांवर अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जमातींना मुळात बाहेरून लादलेल्या उपचारांचा वाईट अनुभव आहे, म्हणून कार्यक्रम त्यांच्याच सल्ल्याने बेतला होता. फरक तिथेही पडला, मात्र आधीच्या अभ्यासाइतका ठसठशीत नाही.

ईटीजीची मर्यादा म्हणजे केंद्रात यायलाच हवे. फॉस्फॅटिडिलएथेनॉल नावाची रक्ततपासणी तर दोन ते चार आठवड्यांचे पिणे दाखवते. उपचार चालले आहेत का हे पाहायला ती उत्तम, पण बक्षिसासाठी निरुपयोगी. चार आठवड्यांपूर्वीच्या न पिण्याचे बक्षीस आज देऊन काय साधणार?

इथे दूरस्थ उपचार येतात. २०१३ साली शीला अलेसी आणि पेट्री यांनी ३० जणांना मोबाइल फोन आणि छोटे ब्रीद अ‍ॅनालायझर घरी दिले. दिवसातून एक ते तीन वेळा, आधी न कळवता, मेसेज येई. मग फुंकायचे, आणि फुंकताना स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला फुंकायला लावता येणार नाही. चार आठवड्यांत बक्षिसाच्या गटातले ८७ टक्के नमुने स्वच्छ आले, नुसत्या देखरेखीच्या गटातले ६७ टक्के. यातले लोक वारंवार पिणारे होते, पण शरीराने दारूवर अवलंबून असलेले नव्हते. हा तपशील लक्षात ठेवायचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

पाच वर्षांनी मिखाइल कोफार्नस आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियात जे केले ते मला या सगळ्या साहित्यातले सर्वांत स्पष्ट काम वाटते. रुग्ण ४०, मुदत २१ दिवस. प्रत्येकाकडे मोबाइल नेटवर्कला जोडलेले ब्रीद अ‍ॅनालायझर; फुंकताना ते चेहऱ्याचा फोटो घेते आणि निकाल थेट संशोधकांकडे जातो. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी फुंकायचे. पैसे दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला श्वासात दारू नसेल तरच, दुसऱ्याला निकाल काहीही येवो. पहिल्या गटात ८५ टक्के दिवस बिनदारूचे गेले, दुसऱ्यात ३८ टक्के. पैसा, यंत्र, दिवसातून तीनदा कुणीतरी विचारपूस करणे हे दोन्हीकडे सारखेच होते. फरक एकाच गोष्टीचा होता, की पैसे न पिण्याशी बांधलेले होते. ‘चार पैसे हातात आले म्हणून माणूस सुधारला’ किंवा ‘कुणी लक्ष दिले म्हणून सुधारला’ असे म्हणायला या मांडणीने जागा ठेवली नाही.

दिवस डोळ्यांसमोर आणला तर हे का चालते ते कळते. सकाळी उठून फुंकले, शून्य. दुपारी कामावर असताना पुन्हा. मग संध्याकाळ होते, गुत्त्याची वाट जवळून जाते, मित्राचा फोन येतो, आणि रात्रीचे फुंकायचे अजून बाकी असते. प्यायलो तर आजचे पैसे जातातच, शिवाय वाढत आलेली रक्कम पुन्हा तळाला जाते. दारू सोडणाऱ्याला ज्या दोन-तीन तासांत आधार लागतो, त्याच तासांत कुठलेही केंद्र उघडे नसते. त्या वेळेला खिशातले यंत्र हजर असते.

यंत्रालाही खोड्या आहेत. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने किंवा खोकल्याच्या औषधाने आकडा चढतो. पाण्याने चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. चुकलेली चाचणी प्यायल्यासारखीच धरायची की नाही, नेटवर्क नसल्याचा दंड रुग्णाला का, असे वाद रोज होतात. यांची उत्तरे आधी लिहून ठेवली नाहीत तर विश्वास उडतो. घोट्याला बांधायचे पट्टेही आहेत. ते घामातून चोवीस तास दारू हेरतात, पण महाग पडतात, आणि अमेरिकेत ते कोर्टाच्या हुकमाने घालत असल्यामुळे गुन्हेगाराची खूण म्हणून ओळखले जातात. साउथ डकोटा राज्यात २००५ पासून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना दिवसातून दोनदा फुंकायला लावतात आणि प्यायलेला सापडला की लगेच एक-दोन रात्रींची कोठडी. तिथे पुन्हा तोच गुन्हा करताना होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ च्या अभ्यासात दिसले. तत्काळ आणि खात्रीचा परिणाम शिक्षेच्या बाजूनेही काम करतो, हे त्यातून कळते. पण स्वतःहून दवाखान्यात आलेल्या माणसाला कोठडी दाखवणे हा उपचार नव्हे.

दूरस्थ उपचार म्हणजे केवळ फुंकणी नव्हे, हेही इथेच म्हटले पाहिजे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड गस्टाफसन यांनी निवासी उपचार संपवून घरी निघालेल्या ३४९ रुग्णांपैकी काहींना एक मोबाइल अ‍ॅप दिले: अडचणीच्या वेळी दाबायचे बटण, समुपदेशकाशी संपर्क, पूर्वी जिथे प्यायचो त्या जागेजवळ गेले की इशारा. बक्षीस काही नाही. त्यांचे धोकादायक पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी १.३९ झाले, इतरांचे २.७५. कोविडच्या काळात तर व्हिडिओवर डॉक्टर, नालट्रेक्सोन हे औषध घरपोच आणि ऑनलाइन गट हे अमेरिकेत सर्रास झाले. बक्षीस, औषध आणि बोलायला माणूस ही तिन्ही एकत्र बांधलेली मोठी, वर्षभर चाललेली चाचणी मात्र हवी तशी झालेली नाही. वर दिलेले आकडे वाचताना ते विसरू नये: ४२, ३०, ४० माणसे, तीन-चार किंवा आठ आठवडे.

आणि बक्षीस थांबल्यावर काय? हा खरा प्रश्न आहे. कोकेन आणि इतर बेकायदा पदार्थांसाठीच्या २३ चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात बक्षिसे बंद झाल्यावरही, सहा महिन्यांच्या आसपास, त्या गटाला थोडा फायदा टिकून होता. थोडाच, पण होता. दारूबद्दल इतका भक्कम हिशेब नाही. मला स्वतःला ही पद्धतीविरुद्धची सबब वाटत नाही. मधुमेहाची गोळी थांबवली की साखर वाढते, म्हणून गोळी निकामी ठरत नाही. पण एकवीस दिवसांची योजना आखून माणसाला मोकळे सोडायचे आणि नंतर त्यालाच दोष द्यायचा, हे चालणार नाही.

आक्षेप घेणारे म्हणतात, ही लाच आहे. पैशाने विकत घेतलेला निश्चय पैशाबरोबर जातो. आपल्याकडे याचे दुसरेच रूप ऐकू येते: जो मुळीच पीत नाही त्याला काय मिळते? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि सहसा तो अशा घरातून येतो, जिथे एक भाऊ पितो आणि दुसरा राबतो. त्याचे उत्तर इतकेच, की पैसे सद्‌वर्तनाबद्दल दिलेले नसतात, ते औषध म्हणून दिलेले असतात. ज्याला क्षयरोग नाही त्याला क्षयाची औषधे मिळत नाहीत. ‘त्याच पैशाची पिईल’ ही भीतीही रास्त आहे. म्हणून कुठे वस्तू देतात, कुठे व्हाउचर, आणि डायनामिकेअर या बॉस्टनच्या कंपनीने असे डेबिट कार्ड काढले की ते बारमध्ये आणि दारूच्या दुकानात चालत नाही, त्यातून रोकडही निघत नाही. चिठ्ठ्यांनी जुगाराची चटक लागेल, अशीही शंका होती. पेट्री स्वतः जुगाराच्या व्यसनाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी ते तपासले आणि तसे आढळले नाही. त्या २०१८ मध्ये, अवघ्या ४९व्या वर्षी गेल्या.

पैशाचा प्रश्न अमेरिकेतही सुटलेला नाही. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी २०११ पासून ही पद्धत शेकडाभर ठिकाणी नेली, पण मुख्यतः उत्तेजक पदार्थांसाठी. इतरत्र, सरकारी व्यसनमुक्ती अनुदानातून एका रुग्णाला वर्षाला ७५ डॉलरपेक्षा जास्त बक्षीस देता येत नसे. ज्या रकमांनी अभ्यासांत गुण आला त्यांच्यापुढे हे काहीच नाही. ती मर्यादा २०२५ मध्ये ७५० डॉलर झाली. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून गरिबांच्या आरोग्यविम्यातून २४ आठवड्यांत ५९९ डॉलरपर्यंत द्यायला सुरुवात केली. तेही कोकेन आणि मेथअ‍ॅम्फेटामिनसाठी. दारू याही वेळी बाहेर. ज्या व्यसनाचे रोगी सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला हे आले नाही, हे मला खटकते.

गुप्ततेबद्दलही सावध राहायला हवे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मॉन्युमेंट या दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. तिने ८४,००० पर्यंत वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी मेटा आणि गूगलसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिल्याचा आरोप होता. कोण कधी प्यायला, याची दिवसातून तीन वेळा फोटोसकट नोंद होणार असेल, तर ती मालकाच्या, विमा कंपनीच्या किंवा घटस्फोटाच्या वकिलाच्या हाती पडता कामा नये.

आता आपल्याकडे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, ५.७ कोटींना त्यासाठी मदत लागते, २.९ कोटी दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने जे काम उभे केले ते मोलाचे आहे, पण ३८ मागे ३७ हा आकडा केंद्रे बांधून भरून निघणार नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने वेगळी वाट दाखवली आहे. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी सावरलेले ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६. गेल्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. लॅन्सेटमध्ये २०१७ साली हे आले. अशा समुपदेशकाच्या हातात फोन आणि बक्षीस दिले तर काय होईल, हे पाहायला हवे.

आरोग्यासाठी पैसे देणे आपल्या सरकारला नवे नाही. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला जननी सुरक्षा योजनेत २००५ पासून पैसे मिळतात. क्षयरुग्णाला २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, २०२४ मध्ये ते १,००० झाले. चेन्नईत एचआयव्ही असलेल्या १२० अमली पदार्थसेवकांना उपचारांच्या टप्प्यांवर व्हाउचर दिली, तेव्हा औषधे सुरू करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. अडचण वेगळी आहे. खात्यात थेट जमा होणारे पैसे आपल्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी आले तरी लोक गप्प बसतात. न पिण्याच्या बक्षिसाला मात्र असा उशीर मारक आहे. आज रात्री फुंकले, तर आज रात्रीच वीस-तीस रुपये फोनवर दिसायला हवेत. यूपीआयच्या देशात हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मंजुरीच्या फायलीत अवघड आहे.

आणखी एक धोका दृष्टीआड करता येणार नाही. जो रोज सकाळपासून पितो, त्याने बक्षिसासाठी एका दिवसात दारू तोडली तर हात थरथरणे, भास, फिट, कधी मृत्यूही ओढवतो. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने एकाएकी बंद झाली तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत तीव्र विथड्रॉवलचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. अलेसींच्या अभ्यासात असे रुग्ण मुद्दामच घेतले नव्हते. त्यामुळे यंत्र हाती देण्यापूर्वी डॉक्टरने तपासणे आणि गरज असेल तर आधी दवाखान्यात डिटॉक्स करणे, याला पर्याय नाही.

म्हणूनच मला वाटते की आपल्याकडे सुरुवात निवासी उपचार संपवून घरी परतलेल्यांपासून व्हावी. डिटॉक्स झालेले असते, कुटुंब ओळखीचे झालेले असते, आणि घसरण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त असतो. फॉलोअपला पुण्याला यायचे तर बीडच्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाचा एक दिवसाचा रोज आणि एसटीचे भाडे जाते, म्हणून तो येत नाही. त्याच्यासाठी तीन महिन्यांचे यंत्र, चढते बक्षीस, आठवड्यातून एकदा त्याच समुपदेशकाचा व्हिडिओ कॉल, आणि महिन्याकाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात भेट. फोन घरात एकच असेल तर तो कुणाच्या ताब्यात राहील, बक्षीस कुणाच्या खात्यात जाईल, हे दोघा नवरा-बायकोंनी समुपदेशकासमोर बसून ठरवायचे. पण तिला पहारेकरी करायचे नाही, फुंकायला लावणे हे यंत्राचे काम. नमुना चुकला तर चोवीस तासांत केंद्रातून माणसाचा फोन जायला हवा, रेकॉर्ड केलेला संदेश नव्हे. तुलनेसाठी दुसऱ्या गटालाही तेच यंत्र आणि तेवढेच पैसे द्यायचे, फक्त निकालाशी न बांधता, आणि बक्षीस संपल्यावर दोन्ही गटांचा निदान वर्षभर पाठपुरावा ठेवायचा. यासाठी लागणारी केंद्रे, समुपदेशक आणि पैसे पोचवण्याची सोय महाराष्ट्रात आज आहेत. निधी आणि नीतिसमितीची मंजुरी मिळाली तर हे काम येत्या वर्षातही सुरू होऊ शकेल.